लहान जोड, मोठी जोखीम

२७ मार्च १९८० च्या संध्याकाळी नॉर्वेच्या हद्दीतील उत्तर समुद्रात ‘अलेक्झांडर कीलँड’ हा तरंगता फलाट उलटला. तेलक्षेत्रातील कामगारांच्या मुक्कामासाठी तो वापरात होता. त्यावरील २१२ पैकी १२३ माणसे दगावली. वादळ होते, पण नुसत्या वादळाने असा सांगाडा मोडत नाही.

चौकशीत कारण निघाले ते एका लहानशा जोडात. एका जाड पोलादी नळीत ध्वनियंत्राचा आधार वेल्ड केलेला होता. जोड अवघा ६ मिलिमीटरचा. त्याच्या चिरेत रंग सापडला. म्हणजे चीर बांधणीच्या वेळीच पडलेली होती. लाटांनी ती वाढवली. नळी तुटली, आणि मग फलाटाचा एक पायच निखळला.

याला धातूचा थकवा म्हणतात. तार एकदा वाकवून तुटत नाही. मागेपुढे वाकवत राहिले की तुटते.

आज हाच प्रश्न समुद्रातील पवनचक्क्यांपुढे आहे. डेन्मार्कने १९९१ मध्ये विंडेबी येथे अशा पहिल्या ११ चक्क्या उभ्या केल्या. २००२ मध्ये हॉर्न्स रेव्ह येथे ८० झाल्या. त्यांतील प्रत्येकीचा पाया म्हणजे समुद्रतळात ठोकलेले एकच जाड पोलादी नळकांडे. दर सहा सेकंदांना एक लाट धरली, तर वर्षाला ५० लाखांवर आणि २५ वर्षांत सुमारे १३ कोटी हेलकावे होतात. लाटांचा ठेका मनोऱ्याच्या डुलण्याशी जुळला, तर झोपाळ्याला वेळेवर धक्का दिल्यासारखे होते.

हिशेबही कडक आहे. वेल्ड केलेल्या जोडावरील ताणाची चढउतार दुप्पट झाली, तर त्याचे आयुष्य निम्मे नव्हे, साधारण एक अष्टमांश होते. खारे पाणी ते आणखी घटवते. म्हणून तेथे जोडाची कड घासून गुळगुळीत करतात, अल्ट्रासाउंडने आतली चीर शोधतात आणि गंज रोखण्याची तजवीज करतात.

आपल्या कारागीर बंधूंनाही यातून घेण्यासारखे आहे. ट्रकच्या चासीला, क्रेनच्या दांड्याला, बोटीच्या इंजिनाच्या बैठकीला किरकोळ कडी जोडताना ‘एवढ्याने काय होते’ असे म्हणू नये. जेथे हेलकावा आहे, तेथे किरकोळ जोड नसतो. गिऱ्हाईक घासाघीस करील. पण कड घासण्याची मजुरी सोडू नये, आणि ते कामही सोडू नये.