दुपारी दोनला लटकणारं नेट

अकोल्यात मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला की नेट दुरुस्त करणाऱ्या पोरांचे फोन भरदुपारी खणखणू लागतात. तक्रार ठरलेली: ‘सकाळी मस्त चालतं, दोन वाजले की लटकतं.’ मुरलेला तंत्रज्ञ घरात शिरल्यावर मोबाइल, लॅपटॉप बघत बसत नाही, आधी राउटर कुठे ठेवलाय ते विचारतो. तो बहुधा टीव्हीच्या शोकेसमध्ये सापडतो, तापलेल्या सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर, आणि धूळ बसू नये म्हणून वरून क्रोशाचा रुमाल.

बहुतेक घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात ० ते ४० अंश तापमानात वापरा, असं छापलेलं असतं. पत्र्याच्या छपराखालची खोली ही मर्यादा एकटीच ओलांडते, शोकेसचा कप्पा तर आणखी पुढे.

तसं हे यंत्र काही फार वीज खात नाही. ॲडॅप्टरवर १२ व्होल्ट, १ अँपिअर लिहिलेलं असेल तर फार तर १२ वॅट, म्हणजे जुन्या झिरोच्या बल्बपेक्षाही कमी. पण त्यातली जवळपास सगळी वीज शेवटी उष्णताच होते आणि ती बाहेर पडायला पंखा नसतो, असतात नुसत्या फटी. गार हवा खालच्या फटीतून आत, गरम हवा वरच्या फटीतून बाहेर. रुमालाने नेमका हाच रस्ता बंद होतो.

दोष उष्णतेचाच आहे का, हे ओळखायची तंत्रज्ञांची रीत साधी आहे. बंद करून लगेच चालू केल्यावर नेट दिवसभर टिकलं, तर घोटाळा सॉफ्टवेअरचा. पंधरा-वीस मिनिटं गार केल्यावरच टिकलं आणि तापल्यावर पुन्हा गेलं, तर संशय उष्णतेवर. रात्री नऊला, सगळी गल्ली सिनेमे बघत असताना रखडत असेल, तर राउटरला बोल लावू नये.

उपाय जवळपास फुकट असतो: राउटर कप्प्याबाहेर काढायचा, फटींतली धूळ ब्रशने झाडायची, पाठीच्या भोकांत खिळे बसवून तो भिंतीवर टांगायचा. मिनी यूपीएस राउटरखाली ठेवायची अनेकांना सवय असते. तोही तापतो, त्याला वेगळी जागा द्यायची. काही जण राउटर थेट कूलरच्या झोतात ठेवतात. ते नकोच, ती हवा दमट असते आणि ओल सर्किटला उष्णतेइतकीच वाईट.

एवढं करूनही दुपारी नेट जात असेल तर तंत्रज्ञ ॲडॅप्टरला हात लावून बघतो. स्वस्त ॲडॅप्टरमधला कपॅसिटर उष्णतेने फुगतो. मग नुसता मोजला तर १२ व्होल्ट दिसतात, पण राउटर जोडला की व्होल्टेज पडतं आणि तो आपोआप रीस्टार्ट होत राहतो. अशा वेळी राउटर बदलायची गरज नसते. तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा आणि तशाच पिनेचा नवा ॲडॅप्टर लावला की काम भागतं.