मालीरच्या तुरुंगातले पालघरकर

पावसाळी मासेमारीबंदी उठली की डहाणू आणि तलासरीच्या पाड्यांवरून तरुण पोरे गुजरातची वाट धरतात. घरात उचल ठेवायची, शिधा भरून द्यायचा आणि ओखा, पोरबंदर किंवा वेरावळच्या बंदरात एखाद्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून चढायचे, ते थेट उन्हाळ्यापर्यंत. बोट दुसऱ्याची, डिझेल दुसऱ्याचे. जाळे कुठे टाकायचे हे तांडेल ठरवतो. खलाशी जाळे ओढतो, मासळी निवडतो, बर्फात भरतो. मात्र पाकिस्तानची गस्ती नौका आडवी आली, तर तांडेलाइतकाच तोही परकी घुसखोर ठरतो.

वैतरणेच्या मुखापासून झाईपर्यंतच्या किनाऱ्यावर मासेमारी नाही असे नाही. सातपाटीचे पापलेट आणि इथला बोंबील मुंबईच्या बाजारात नावाने विकला जातो. पण किनाऱ्यालगतची मासळी कमी होत चालल्याची तक्रार इथले मांगेले आणि कोळी कित्येक वर्षे करत आहेत. तारापूर औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी खाड्यांत आणि नवापूरच्या समुद्रात जाते, म्हणून अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादापुढे गेली. आता वाढवण बंदराचे काम आले आहे. वारली आणि इतर आदिवासी घरांची शेती पावसावरची. भात कापून झाले की हाताला काम नाही. परप्रांतातल्या बोटीवरचे हे स्थलांतर त्या रिकाम्या महिन्यांतून सुरू होते.

ओख्याच्या पुढे, कच्छच्या तोंडाशी, सर क्रीक नावाची सुमारे ९६ किलोमीटर लांबीची दलदलीची खाडी आहे. तिच्यातून सीमा नेमकी कुठून जाते, यावर भारत आणि पाकिस्तान यांचे आजवर एकमत झालेले नाही. जमिनीवरची सीमाच ठरलेली नसल्याने तिथून पुढे समुद्रात जाणारी रेषाही वादाची. वारा फिरला, इंजिन बंद पडले किंवा मासळीच्या मागे तांडेल थोडा पुढे गेला, की बोट त्या रेषेच्या पलीकडे पोचते. पाकिस्तानचे सागरी सुरक्षा दल ती पकडून कराचीला नेते आणि खलाशांची रवानगी मालीरच्या तुरुंगात होते. भारतीय हद्दीत आलेल्या सिंधच्या मच्छीमारांचे कच्छमध्ये हेच होते.

खटला ज्या कायद्यांखाली चालतो, त्यांतला एक आहे परकी नागरिकांविषयीचा १९४६ चा कायदा. इंग्रजांनी जाता जाता केलेला हा अखंड हिंदुस्थानचा कायदा फाळणीनंतर दोन्ही देशांनी ठेवून घेतला. कराचीतला न्यायाधीश डहाणूच्या वारल्याला आणि गुजरातमधला न्यायाधीश सिंधी मच्छीमाराला एकाच कायद्याखाली शिक्षा देऊ शकत होता. कागदपत्रांवाचून देशात शिरलेल्या माणसासाठी केलेल्या या कायद्यात, देशात शिरण्याचा हेतूच नसलेल्या माणसासाठी वेगळा कप्पा नाही. भारताने २०२५ मध्ये नवा इमिग्रेशन आणि परकी नागरिक कायदा केला. तो १ सप्टेंबरपासून लागू झाला आणि जुने चार कायदे रद्द झाले. वैध पारपत्राविना प्रवेशाला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. आपण परके नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी पूर्वीप्रमाणेच त्या माणसावर आहे. हे विधेयक संसदेच्या समितीकडे पाठवा, अशी मागणी लोकसभेत झाली होती. ती मान्य झाली नाही.

मच्छीमारांचे म्हणणे याहून साधे आहे: पकडू नका, परत पाठवा. त्याला आंतरराष्ट्रीय कायद्याचा भक्कम आधारही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या कराराचे कलम ७३ सांगते, की किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांच्या आर्थिक क्षेत्रात मासेमारीचे नियम मोडल्याबद्दल, संबंधित देशांचा तसा आपसांत करार नसेल, तर कैदेची शिक्षा देता येत नाही. भारताने १९९५ मध्ये आणि पाकिस्तानने १९९७ मध्ये हा करार मान्य केला. असे असताना खलाशांवर परकी नागरिक म्हणून खटले भरले जातात आणि कलम ७३ कागदावरच राहते.

हा आग्रह प्रथम सरकारांनी धरला नाही, तो किनाऱ्यावरच्या माणसांनी धरला. १९९४ मध्ये दोन्ही देशांतल्या नागरिकांनी मिळून पाकिस्तान-इंडिया पीपल्स फोरम उभा केला. मुंबईतले पत्रकार जतीन देसाई त्याच्या कामातून पालघर आणि गुजरातच्या कैद्यांचा पाठपुरावा वर्षानुवर्षे करत आले आहेत. पलीकडे कराचीच्या इब्राहीम हैदरी वस्तीत मोहम्मद अली शाह यांनी पाकिस्तान फिशरफोक फोरम बांधला. २०२१ मध्ये ते वारले. आपल्या देशाच्या तुरुंगातल्या भारतीय खलाशांसाठी कराचीच्या मच्छीमारांची संघटना उभी राहते, ही गोष्ट पालघरच्या प्रत्येक बंदरात सांगितली गेली पाहिजे. पाकिस्तानातल्या कामगार आणि मच्छीमार संघटनांनी तिथल्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि २०१० मध्ये चारशेहून अधिक भारतीय मच्छीमार सुटले.

अशाच दबावातून काही सरकारी पावलेही पडली. २००७ मध्ये दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायमूर्तींची समिती नेमली गेली. तिने एकमेकांचे तुरुंग पाहिले, मच्छीमारांना माणुसकीने वागवण्याची शिफारस केली. २०१३ नंतर तिची भेट झालेली नाही. २००८ च्या मे महिन्यात वकिलातीच्या भेटीबाबत करार झाला. अटकेपासून तीन महिन्यांत वकिलातीच्या अधिकाऱ्यांना कैद्याला भेटू द्यायचे. शिक्षा संपली आणि राष्ट्रीयत्व पटले, की महिन्याभरात घरी धाडायचे. दर १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्याही एकमेकांना द्यायच्या.

याद्या वेळेवर दिल्या जातात. १ जुलै २०२५ च्या यादीत पाकिस्तानने १९३ मच्छीमार आणि ५३ इतर कैदी भारतीय असल्याचे किंवा भारतीय मानले जात असल्याचे कळवले. त्याच दिवशी भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने शिक्षा पूर्ण झालेल्या १५९ जणांना लवकर सोडण्याची मागणी केली. म्हणजे यादीतले बहुसंख्य लोक कोणत्याही न्यायालयाच्या हुकमाविना आत होते. महिन्याभराची मुदत कुठे विरते? एक मोठा वेळ ओळख पटवण्यात जातो. वकिलातीकडून नाव दिल्लीला, दिल्लीहून राज्याला, राज्याकडून स्थानिक पोलीस ठाण्याला आणि तिथून पाड्यावरच्या घरापर्यंत यायचे. नावाचा उच्चार कराचीत एक, आधार कार्डावर दुसरा आणि शिधापत्रिकेवर तिसरा. मग दोन्ही देशांचे संबंध बरे असतील तर सुटका होते, नसतील तर ती लांबते. २०२३ च्या मे महिन्यात एकाच दिवशी १९८ मच्छीमार सोडले गेले. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामचा हल्ला झाल्यावर अटारीची चौकी बंद झाली आणि या सगळ्याच व्यवहारावर सावट आले.

पालघरने या रेषेची किंमत प्राणांनीही मोजली आहे. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी ओख्याच्या 'जलपरी' बोटीवर पाकिस्तानी सागरी दलाने गोळीबार केला, त्यात वडराईचा तरुण खलाशी ठार झाला. मार्च २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातला एक खलाशी कराचीत कैदेत असताना वारला. त्याचा मृतदेह गावी पोचायला दीड महिना लागला.

मागे राहिलेल्या बाईचे हाल मोजण्यासाठी तर कुठली यादीच नाही. कमावता माणूस तुरुंगात, उचल आधीच खर्च झालेली, बोटमालक दुसऱ्या राज्यात. गुजरात सरकार आपल्या कैदी मच्छीमारांच्या कुटुंबांना दररोज ३०० रुपये देते. पालघरचा खलाशी गुजरातच्या बोटीवरून पकडला गेला, तर त्याच्या घराची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न इथल्या कार्यकर्त्यांना अर्जाअर्जातून मांडावा लागतो. यात राज्यांना खूप काही करता येईल. हंगामाला निघणाऱ्या प्रत्येक खलाशाची नोंद मच्छीमार खात्याने गावातच करावी, ओळखीचे कागद एका ठिकाणी तपासून ठेवावेत, पकडल्याची खबर येताच त्याच आठवड्यात ओळखपत्रांची प्रत दिल्लीला जावी. यासाठी पाकिस्तानशी बोलणी करावी लागत नाहीत. न्यायमूर्तींची समिती पुन्हा बसवणे आणि मच्छीमारांना परकी नागरिकांच्या कायद्यातून वगळणे, या दोन मागण्यांसाठी मात्र दिल्ली आणि इस्लामाबाद दोघांना टेबलाशी यावे लागेल.