खरा पातशाह कोण? : शीख विचारातील सार्वभौमत्व

राज्यशास्त्राच्या वर्गात ‘सार्वभौमत्व’ हे प्रकरण सुरू झाले की बोदां, हॉब्ज आणि ऑस्टिन ही नावे हटकून येतात. समाजातील बहुतेक लोक ज्याची आज्ञा सवयीने पाळतात आणि जो स्वतः मात्र दुसऱ्या कोणाची आज्ञा सवयीने पाळत नाही, तो सार्वभौम, ही ऑस्टिनची व्याख्या परीक्षेपुरती आपण सारे पाठ करतो. परंतु असा कोणी माणूस असू शकतो काय, आणि असलाच तर तो असावा काय, हा प्रश्न आपल्या मनात सहसा उठत नाही. भारतातील एका धर्मपरंपरेने मात्र हा प्रश्न पाचशे वर्षांपूर्वी उभा केला आणि त्याचे उत्तर देताना आपल्या दोन गुरूंचे बलिदान पाहिले. ती शीख परंपरा होय. या परंपरेतील सार्वभौमत्वाची कल्पना समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

कोणत्याही गुरुद्वारात गेल्यावर एक गोष्ट लक्षात येते. तेथे मूर्ती नसते. उच्चासनावर गुरू ग्रंथसाहिब ठेवलेला असतो. त्याच्यावर छत्र असते आणि मागे उभा राहून सेवक चवरी ढाळीत असतो. छत्र, चामर आणि सिंहासन ही तर आपल्याकडील राजचिन्हे! भाषाही दरबारचीच. अमृतसरच्या सुवर्णमंदिराचे नाव ‘दरबार साहिब’, ग्रंथ उघडून त्या दिवसासाठी वाचलेल्या वचनाला म्हणायचे ‘हुकुमनामा’, आणि धर्मपीठाला म्हणायचे ‘तख्त’. राजाचा सारा थाट येथे राजाकडून काढून घेऊन शब्दाला दिला आहे. शीख विचारातील सार्वभौमत्वाचे सार या एका दृश्यात सामावले आहे, असे म्हटल्यास ते वावगे ठरणार नाही.

या विचाराचा प्रारंभ गुरू नानकांपासून (१४६९–१५३९) होतो. त्यांच्या मते ईश्वर एक आहे, तो कालातीत आहे आणि तोच एकमेव ‘सच्चा पातशाह’ आहे. त्याचा ‘हुकूम’ साऱ्या सृष्टीवर चालतो. वरवर पाहता हा निव्वळ अध्यात्माचा भाग वाटेल. परंतु खरा बादशहा एकच असेल, तर दिल्लीच्या किंवा काबूलच्या बादशहाची सत्ता उसनी ठरते. आणि उसन्या सत्तेचा हिशेब मागता येतो. बाबराच्या स्वारीत पंजाबची जी दैना झाली ती नानकांनी पाहिली आणि तिच्यावर पदे रचली. त्यांत त्यांनी आक्रमकाला दोष दिलाच, पण प्रजेचे रक्षण न करता ऐषआरामात दंग राहिलेल्या येथल्या सत्ताधीशांनाही सोडले नाही. राजाची योग्यता त्याच्या न्यायावरून ठरते, कुळावरून किंवा धर्मावरून नव्हे, हा धडा त्यातून मिळतो.

या ग्रंथात आपले नामदेवही आहेत. १६०४ मध्ये पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी आदिग्रंथाचे संकलन केले, त्यात नामदेवांच्या नावची एकसष्ट पदे आली. त्यांतील एका पदात सुलतान नामदेवांना बांधून आणवितो आणि मेलेली गाय उठवून दाखव, नाही तर मान उडवीन, असे धमकावतो. नामदेव डगमगत नाहीत. त्याच ग्रंथातील रविदासांच्या एका पदात दुःख, कर आणि उच्चनीचता नसलेल्या नगरीचे चित्र आहे. अर्जुनदेवांनी स्वतः ‘हलेमी राज’ म्हणजे नम्रतेचे राज्य, जेथे कोणी कोणाला छळत नाही, अशी कल्पना मांडली. राज्य कसे असावे याचा हा आदर्श शस्त्र हाती येण्यापूर्वीचा आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

१६०६ मध्ये जहांगीरच्या कारकीर्दीत लाहोर येथे गुरू अर्जुनदेवांना देहदंड झाला. यानंतर सहावे गुरू हरगोविंद यांनी कमरेला दोन तलवारी बांधल्या. एक ‘मीरी’ची, म्हणजे ऐहिक सत्तेची, आणि दुसरी ‘पीरी’ची, म्हणजे आध्यात्मिक अधिकाराची. हरिमंदिरासमोर त्यांनी अकाल तख्त उभारले. मंदिरात भजन आणि समोरच्या तख्तावर न्यायनिवाडा, अशी ही जोडी झाली. पुष्कळदा याचा अर्थ ‘धर्म आणि राजकारण यांची सरमिसळ’ असा केला जातो. माझ्या मते तो अपुरा आहे. तलवारी दोन आहेत, एक नव्हे; दोहोंत भेद आहेच. मात्र ऐहिक सत्तेला नीतीच्या नजरेआड जाऊ द्यायचे नाही, म्हणून दोन्ही इमारती समोरासमोर आहेत.

१६७५ मध्ये नववे गुरू तेगबहादूर यांचा दिल्लीत शिरच्छेद झाला. परंपरा सांगते की काश्मिरी पंडितांची धर्मरक्षणाची विनवणी त्यांनी आपल्या शिरावर घेतली होती. दुसऱ्याच्या श्रद्धेसाठी प्राण देणे हा या सार्वभौमत्वाचा आणखी एक अर्थ. राजाचा अंमल देहावर चालतो, अंतःकरणावर नाही.

मग आली १६९९ ची बैसाखी. आनंदपूर येथे दहावे गुरू गोविंदसिंग यांनी खालसा पंथाची स्थापना केली. शिर मागितल्यावर जे पाच जण पुढे आले ते ‘पंज प्यारे’. लाहोर, हस्तिनापूर, जगन्नाथपुरी, द्वारका आणि आपल्या शेजारचे बीदर अशा पाच दिशांचे ते होते आणि बहुतेक सारे तथाकथित खालच्या जातींतले होते. गुरूंनी त्यांना अमृत दिले आणि नंतर हात जोडून त्याच पाचांकडून स्वतः अमृत घेतले. येथे गुरू शिष्याचा शिष्य झाला. सत्ता वरून खाली आली आणि खालून पुन्हा वर गेली. राज्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर सार्वभौमत्व व्यक्तीकडून समुदायाकडे सोपविले गेले.

पुढे औरंगजेबाला फारसीत पाठविलेल्या ‘जफरनामा’ या पत्रात गुरूंनी बादशहाला शपथभंगाचा जाब विचारला, आणि इतर सारे उपाय खुंटल्यावरच शस्त्र उचलणे न्याय्य ठरते, हे तत्त्व मांडले. आपल्या अहमदनगरच्या मुक्कामी असलेल्या बादशहाकडे हे पत्र भाई दयासिंग घेऊन आले, अशी परंपरा आहे. राज्य गमावलेला, मुले गमावलेला माणूस हिंदुस्थानच्या बादशहाशी बरोबरीच्या नव्हे, तर वरच्या पायरीवरून बोलतो. कारण तो नीतीच्या पायरीवर उभा आहे.

या कथेचा पुढला अध्याय गोदावरीकाठी घडला. १७०८ मध्ये नांदेड येथे गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला. त्यापूर्वी त्यांनी देहधारी गुरूंची परंपरा संपविली. यापुढे गुरू म्हणजे ग्रंथ, आणि ग्रंथाच्या प्रकाशात एकत्र बसलेला पंथ. म्हणून नांदेडचे हुजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक आहे. मराठवाड्यातील आपल्यापैकी कितीतरी जण तेथल्या लंगरमध्ये पंगतीला बसून जेवले असतील. त्या पंगतीत सावकार आणि हमाल एकाच सतरंजीवर बसतात. अठराव्या शतकातील शीख नाण्यांवर ‘देग’ आणि ‘तेग’ हे दोन शब्द जोडीने आले, ते उगीच नव्हे. देग म्हणजे अन्न शिजविण्याचे मोठे भांडे, तेग म्हणजे तलवार. जो भुकेल्याला अन्न आणि दुबळ्याला संरक्षण देतो, त्यालाच राज्य करण्याचा अधिकार.

नांदेडहूनच बंदासिंग बहादूर पंजाबकडे निघाला. १७१० मध्ये त्याने सरहिंद घेतले आणि पहिली शीख राजसत्ता उभी केली. नाणे पाडले ते गुरूंच्या नावाने, स्वतःच्या नाही. १७१६ मध्ये दिल्लीत त्याचा हालहाल करून वध झाला. त्यानंतरची एक कथा फार बोलकी आहे. १७३३ मध्ये लाहोरच्या सुभेदाराने शिखांना शांत करण्यासाठी जहागीर आणि ‘नवाब’ ही पदवी देऊ केली. पदवी घ्यायला पुढाऱ्यांतले कोणी तयार होईना. शेवटी संगतीला पंखा घालण्याची सेवा करणाऱ्या कपूरसिंगाच्या गळ्यात ती पडली, असे सांगतात. दुसऱ्याने बहाल केलेले सार्वभौमत्व हे सार्वभौमत्व नव्हेच, अशी ही वृत्ती.

पुढे मिसलींच्या काळात दिवाळी-बैसाखीला अमृतसरला सर्वांची सभा भरे. ती ‘सरबत खालसा’. तेथे ग्रंथाच्या साक्षीने होणारा ठराव म्हणजे ‘गुरमता’. या ठरावांपैकी अगदी अखेरच्या एकाशी मराठ्यांचा संबंध आहे. १८०५ मध्ये इंग्रज सेनापती लेक पाठीवर असताना यशवंतराव होळकर मदत मागण्यासाठी पंजाबात आले. त्यांना साथ द्यावी की नाही, याचा विचार अमृतसरच्या सभेत झाला आणि मदत न देण्याचे ठरले. त्यानंतर रणजितसिंगांनी सरबत खालसा बोलावणे बंद केले. येथे कल्पना आणि व्यवहार यांच्यात भेग पडली. राज्य ‘सरकार खालसा’ या नावाने चालले, नाणीही गुरूंच्या नावाने पडली, परंतु निर्णय एका व्यक्तीच्या हाती गेले. तरीही अकाल तख्ताच्या अकाली फुलासिंगांनी याच महाराजांना फटक्यांची शिक्षा फर्मावली आणि ती भोगण्यास ते नम्रपणे उभे राहिले, ही आख्यायिका पंजाबात आजही मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. १८४९ मध्ये हे राज्य इंग्रजांनी खालसा केले. (मराठीत ‘खालसा करणे’ म्हणजे राज्य जप्त करणे! एकाच शब्दाचे हे दोन अर्थ पाहून मन विषण्ण होते.)

राज्य गेले, कल्पना गेली नाही. १९२१ मध्ये सुवर्णमंदिराच्या खजिन्याच्या किल्ल्या इंग्रज अधिकाऱ्याने ताब्यात घेतल्या. शेकडो लोक तुरुंगात गेले आणि जानेवारी १९२२ मध्ये सरकारला किल्ल्या परत कराव्या लागल्या. गांधीजींनी याला स्वातंत्र्ययुद्धातील विजय म्हणून गौरविले. तलवार न उपसता मिळविलेले हे सार्वभौमत्व होते. १९२५ च्या कायद्याने गुरुद्वारांचा कारभार निवडून आलेल्या मंडळाकडे गेला.

स्वातंत्र्यानंतर मात्र हा प्रश्न अवघड झाला. परकी बादशहा उरला नव्हता. आता सार्वभौम होती ती जनता आणि तिची राज्यघटना. १९७३ च्या आनंदपूर साहिब ठरावात केंद्राकडे संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, चलन आणि दळणवळण एवढेच विषय ठेवावेत अशी मागणी होती. काहींनी ती संघराज्याची मागणी मानली, तर काहींनी फुटीरपणाची. जून १९८४ मध्ये सुवर्णमंदिराच्या परिसरात लष्करी कारवाई झाली व अकाल तख्ताची इमारत उद्ध्वस्त झाली. ऑक्टोबरच्या अखेरीस पंतप्रधान इंदिरा गांधींची हत्या झाली, आणि त्यानंतर दिल्लीत व अन्यत्र हजारो निरपराध शिखांना ठार मारण्यात आले. १९८६ मध्ये खलिस्तानची घोषणा झाली. पुढली काही वर्षे पंजाबात बंदुकीची होती, आणि त्या बंदुकीपुढे हिंदू तसेच शीखही मोठ्या संख्येने बळी पडले.

या घटनांमुळे ‘शीख सार्वभौमत्व’ हे शब्द कानी पडताच पुष्कळांच्या मनात फक्त वेगळ्या राष्ट्राचा नकाशा उभा राहतो. येथेच गल्लत होते. वेगळे राज्य हा या कल्पनेचा काहींनी लावलेला एक अर्थ आहे. तो एकमेव अर्थ नाही. अरदासीनंतर म्हटल्या जाणाऱ्या दोह्यात खालसाच्या राज्याची आशा आहे हे खरे. पण ते राज्य भूप्रदेशाचे की शुद्ध आचरणाचे, यावर शिखांतच मतभेद आहेत. निरपराध माणसाला मारणारी बंदूक मात्र जफरनाम्याच्या कसोटीला उतरत नाही, मग ती कोणाच्याही खांद्यावर असो.

डिसेंबर २०२४ मध्ये पंजाबच्या एका माजी उपमुख्यमंत्र्यांना अकाल तख्ताने धार्मिक शिक्षा दिली. त्यांनी गळ्यात पाटी अडकवून गुरुद्वाराच्या दाराशी सेवा केली. रणजितसिंगांच्या आख्यायिकेची आठवण व्हावी असा तो प्रसंग होता. अशा पीठाने राजकारणात किती लक्ष घालावे, आणि त्याचा अधिकारी कोणाच्या कलाने नेमला जातो, हे प्रश्न रास्त आहेत व शीख अभ्यासकही ते विचारतात. धर्मपीठावर बसलेला माणूसही शेवटी माणूसच; त्याचाही हिशेब मागता आला पाहिजे. गुरूनेच शिष्यांपुढे हात जोडले होते, याचा विसर पडू नये.

तेव्हा ऑस्टिनच्या व्याख्येकडे पुन्हा वळू. शीख विचार सांगतो की कोणाचीच आज्ञा न पाळणारा माणूस हा सार्वभौम नसून केवळ उन्मत्त होय. खरी सत्ता एकाची. ती माणसांना मिळते ती उसनी, एकत्र बसून वापरण्यासाठी आणि देग-तेगेच्या अटीवर. उद्या आपल्यापैकी कोणी तहसीलदार होईल, कोणी शिक्षक, कोणी आमदार. हाती आलेली थोडीबहुत सत्ता कोणाची, हा प्रश्न तेव्हा स्वतःला विचारता आला, तर हे प्रकरण केवळ परीक्षेपुरते वाचले नाही असे म्हणता येईल.