‘प्रादेशिक’ हा शब्द गळाल्यानंतर

नांदेडहून नागपूरकडे जाणारा रस्ता हदगाववरून पैनगंगा ओलांडतो व उमरखेड, यवतमाळ, वर्धा करीत पुढे जातो. या रस्त्याच्या टोकाशी असलेल्या एका महाविद्यालयाचा इतिहास मराठवाड्याने जाणून घेण्याजोगा आहे.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात धरणे, वीजकेंद्रे व अवजड उद्योग यांच्या उभारणीसाठी अभियंते अपुरे पडू लागले. त्या गरजेतून केंद्र व राज्ये यांच्या भागीदारीने प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. नागपुरात १९५६ पासून चालू असलेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय विलीन करून जून १९६० मध्ये असे महाविद्यालय सुरू झाले. एप्रिल १९६२ मध्ये सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या निवर्तले. त्याच वर्षी ऑक्टोबरात महाविद्यालयाला त्यांचे नाव देण्याचे ठरले.

या योजनेमागील अर्थव्यवहार सरळ होता. इमारती, यंत्रसामग्री व पदव्युत्तर शिक्षण यांचा खर्च केंद्राने उचलावयाचा. पदवी शिक्षणाच्या चालू खर्चाचा निम्मा भार राज्याने वाहावयाचा. जागांची वाटणीही तशीच होती: निम्म्या राज्यातील विद्यार्थ्यांना, निम्म्या परराज्यांतील विद्यार्थ्यांना. मात्र अभ्यासक्रम, परीक्षा व पदवी नागपूर विद्यापीठाच्या हाती असल्यामुळे नवा विषय शिकवावयाचा झाला, तरी विद्यापीठाच्या मंडळांची संमती लागे. तंत्रविद्या झपाट्याने बदलत असताना हा विलंब परवडणारा नव्हता.

२००२ साली या महाविद्यालयाला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला व ते राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था झाले. २००७ साली संसदेच्या कायद्याने ते राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांत गणले गेले. अभ्यासक्रम आखण्याचे व पदवी देण्याचे स्वातंत्र्य लाभले, केंद्राचा निधी वाढला. हा लाभ नाकारण्याचे कारण नाही.

परंतु नावातून ‘प्रादेशिक’ हा शब्द गळाला, तेव्हा आणखी काय गळाले? निम्म्या जागा आजही महाराष्ट्राच्या आहेत. बदलली ती प्रवेशाची वाट. पूर्वी राज्याच्या वाट्याच्या जागा राज्यच भरीत असे. आता दोन्ही वाटे अखिल भारतीय प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर भरले जातात. महाराष्ट्राच्या निम्म्यात पुण्याचा विद्यार्थी व हदगावचा विद्यार्थी एकाच रांगेत उभे असतात. या परीक्षेच्या तयारीसाठी लातूर, नांदेड किंवा कोटा येथे शिकवणीची दोन वर्षे काढावी लागतात. म्हणजे आतील शिक्षणाचा मोठा खर्च सरकार करते; पण दारापर्यंत पोहोचण्याचा खर्च कुटुंबावर पडतो. कोरडवाहू शेतकऱ्याला तो कर्जाशिवाय झेपत नाही. २०२१ पासून ही परीक्षा मराठीतूनही देता येते, हे स्वागतार्हच होय. तथापि मराठी प्रश्नपत्रिका म्हणजे पदार्थविज्ञानाचा शिक्षक नव्हे.

हा प्रश्न केवळ नागपूरचा नाही. १८५४ पासूनची परंपरा सांगणारे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय २०२२ साली तंत्रशास्त्र विद्यापीठ झाले. नांदेडचे श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ साली, म्हणजे नागपूरनंतर एकवीस वर्षांनी निघाले. आज ती स्वायत्त संस्था आहे. तिलाही विद्यापीठाचा दर्जा द्यावा, असे उद्या कोणी म्हटले, तर ते गैर ठरणार नाही. मात्र तेव्हा तीन गोष्टी आधी विचाराव्यात. या भागातील मुलांसाठी किती जागा राहतील? शुल्क वाढल्यास गरीब विद्यार्थ्याचा भार कोण उचलील? आणि तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयांतील गणित व विज्ञान शिक्षकांची रिक्त पदे केव्हा भरली जातील?

तिसरा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो, आणि तोच निर्णायक आहे. राखीव जागा मिळाली, तरी तिच्यापर्यंत पोहोचण्याची तयारी शाळेतच व्हावी लागते. विद्यापीठाचा दर्जा कायद्याने देता येतो. त्या विद्यापीठात हदगावचा विद्यार्थी बसावा, यासाठी मात्र हदगावातच खर्च करावा लागेल.