अखर्चित रुपयावर नजर

पालघरहून बोईसरकडे निघालं की कोळगावला जिल्हा मुख्यालयाच्या नव्या इमारती लागतात. १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात तारापूरचं अणुऊर्जा केंद्र आणि एमआयडीसी आहे, तसेच जव्हार-मोखाड्याचे पाडेही आहेत. २०११च्या जनगणनेनुसार इथले सुमारे ३७ टक्के लोक आदिवासी. सरकारी पैशावर खातं लक्ष कसं ठेवतं, हे इथे पाहायचं तर आदिवासी विकास विभागाकडेच जावं लागतं.

पूर्वी आदिवासींचा वाटा प्रत्येक खातं आपल्या सोयीने ठरवायचं. सुकथनकर समितीच्या शिफारशींनंतर १९९३-९४पासून राज्य योजनेतला ९ टक्के हिस्सा, म्हणजेच आदिवासी उपयोजना, या विभागाच्या हाती आला. मंत्रालय, नाशिकचे आयुक्त, ठाण्याचे अपर आयुक्त, मग डहाणू आणि जव्हारची प्रकल्प कार्यालयं, अशी निधीची उतरंड. बोईसर-तारापूरचा भाग डहाणू प्रकल्पात येतो.

या विभागाच्या आश्रमशाळेचं साधं वीजबिल घ्या. त्याला ‘०६ – दूरध्वनी, वीज, पाणी’ याच उद्दिष्टात तरतूद लागते. ‘१३ – कार्यालयीन खर्च’मध्ये पैसे पडून असले तरी मंजूर पुनर्विनियोजनाशिवाय ते इकडे वळवता येत नाहीत. आहरण व संवितरण अधिकारी बीम्स प्रणालीवर शिल्लक पाहतो आणि प्राधिकारपत्र काढतो. ते जोडलेलं नसेल तर कोषागार देयक घेत नाही. तरतुदीपेक्षा रुपया जास्त मागितला तर संगणक तिथेच अडवतो.

न झालेल्या खर्चाला मात्र असं कुलूप नाही, आणि माझ्या मते लक्ष ठेवण्याच्या कामाचं मर्म तिथेच आहे. हे लक्ष माणसांनाच ठेवावं लागतं. नियंत्रक अधिकाऱ्याने दरमहा खर्चाची विवरणपत्रं मागवायची, महालेखापालांच्या आकड्यांशी खर्चमेळ घालायचा, आठमाही सुधारित अंदाजात कुठे कमी पडतंय, कुठे उरतंय ते सांगायचं. कमी पडलं तर पुरवणी मागणी, उरलं तर वेळेत समर्पण. डिसेंबरात समर्पित केलेला रुपया दुसऱ्या कामाला लावता येतो. मार्चअखेर सोडलेला कुणाच्याच उपयोगी पडत नाही, ३१ तारखेला तो व्यपगत होतो. म्हणून खर्चमेळाची थकलेली फाइल मला जादा खर्चाइतकीच गंभीर वाटते. पुढे कॅगचा अहवाल येतो, लोकलेखा समिती सचिवांना बचतीचं कारण विचारते. तोवर ज्यांच्यासाठी तरतूद होती ती मुलं शाळेतून बाहेर पडलेली असतात.

हीच नजर गावालाही ठेवता येते. २०१५पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी पेसा कायद्याखालच्या क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट मिळतो. पालघर तालुक्यातलीही कित्येक गावं त्यात आहेत. या पैशाचा आराखडा ग्रामसभा मंजूर करते. किती आले, किती गेले, किती उरले, हे गावकऱ्यांनी सभेतच विचारावं. त्यासाठी मार्चची वाट पाहायची गरज नाही.