उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी का? आणि गाडीतला तो ‘टक-टक’

या आठवड्याच्या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना झालेली ‘म्हणजे’, ‘अॅक्च्युअली’ची गर्दी काढून टाकली आहे, बाकी मजकूर तोच.

विषय मामेभावाच्या गाडीमुळे निघाला. त्याने सेकंडहँड स्पोर्टी हॅचबॅक घेतली: टर्बो इंजिन, १७ इंची अलॉय, कडक सस्पेन्शन आणि २०५/५० साइजचे बुटके टायर. महिनाभरात दोन तक्रारी. समृद्धीवर टायर प्रेशरचा दिवा मधूनच लागतो, आणि वर्ध्यात गल्लीबोळात समोरून ‘टक-टक’ येतो. एका वर्कशॉपने गाडी दहा मिनिटं फिरवली आणि समोरचे दोन्ही शॉकअप बदला म्हणून ३८ हजारांचं एस्टिमेट हातात दिलं. भाऊ मला म्हणाला, “तू इंजिनिअर आहेस ना, पाहा मग.” मी सॉफ्टवेअरवाला आहे राजेहो, पण डिबगिंग हे डिबगिंगच असतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आधी हवा. आवाज शोधायचा असला तरी सुरुवात हवेपासूनच. हवा जास्त असेल तर टायर दगडासारखा होतो आणि प्रत्येक खडा सस्पेन्शनला जाणवतो. कमी असेल तर बुटक्या टायरची साइडवॉल दबते आणि खड्ड्यात थेट रिमवर मार बसतो. चारही टायरचं प्रेशर बरोबर नसेल, तर तुम्ही ऐकता तो आवाज नेमका कशाचा हे कळणारच नाही.

आता आपल्याकडचा लाडका सल्ला: “उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटते.” मी लहानपणापासून ऐकतोय. हा सल्ला उलटा आहे, आणि मे महिन्यात ४५ अंशांत समृद्धीवर तो जिवावर बेतू शकतो.

टायर तापतो तो फक्त उन्हाने नाही. चाक फिरताना जमिनीला टेकलेला भाग दबतो, वर गेला की सरळ होतो. ताशी १२० ला, म्हणजे समृद्धीवरच्या कारच्या वेगमर्यादेला, या साइजचा टायर सेकंदाला १६-१७ फेरे घेतो, म्हणजे तेवढ्याच वेळा वाकतो. लोखंडी तार पुन्हा पुन्हा वाकवली की गरम होते, तसंच. हवा कमी असेल तर टायर जास्त वाकतो, जास्त तापतो, आणि रबर व आतल्या स्टीलच्या पट्ट्यांची पकड सुटायला लागते. ‘फुटला’ म्हणतो तो टायर बऱ्याचदा असा आतून सोलला गेलेला असतो. हवा वाढून फुग्यासारखा फुटण्याचा प्रकार चांगल्या टायरमध्ये क्वचितच. गरम झाल्यावर प्रेशर चार-पाच पीएसआय वाढणार, हे कंपनीने आधीच धरलेलं असतं.

आकडेमोड सोपी आहे. तापमान साधारण ६ अंशांनी वाढलं की प्रेशर १ पीएसआयने वाढतं. समजा मे महिन्यात नागपूरहून समृद्धीने आलात, येळाकेळीला उतरलात आणि तापलेल्या टायरमध्ये मशीनवर ३३ सेट करून घेतले. टायरच्या आतली हवा तेव्हा ६० अंश धरू. थेंबभर हवा गळली नाही असं मानलं तरी डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांत तोच टायर २६ दाखवेल. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर ३३ लिहिलंय ते थंड टायरचं आहे, गाडी किमान तीन तास उभी असतानाचं. म्हणून हवा सकाळी, घराजवळच्या पंक्चरवाल्याकडे. आणि पंपावरचा पोरगा गरम टायरमध्ये ३८ पाहून “जास्त आहे भाऊ” म्हणत हवा सोडायला लागला, तर त्याला थांबवा. टायरच्या बाजूला छापलेला मोठा आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो.

नायट्रोजनचं विचारणारे बरेच मेसेज येतात. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे. तापल्यावर दोन्ही जवळपास सारखेच फुगतात. फायदा एवढाच की तो कोरडा असतो आणि किंचित हळू गळतो. फुकट मिळत असेल तर भरा.

कमी हवा, गरम रस्ते आणि वेग एकत्र आले की काय होतं, हे अमेरिकेने मोठी किंमत देऊन पाहिलं. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने ६५ लाख टायर परत बोलावले. त्यातले बरेचसे फोर्ड एक्सप्लोररवर बसवलेले होते. टायरमध्ये बनावटीचा दोष होताच, पण फोर्डने त्या गाडीसाठी सांगितलेलं प्रेशरही फक्त २६ होतं, आणि अपघात टेक्सास, फ्लोरिडा, अॅरिझोनासारख्या गरम राज्यांत जास्त होते. त्यानंतर आलेल्या कायद्यामुळेच तिथे टायर प्रेशरचा दिवा सक्तीचा झाला.

पण त्या दिव्याची मर्यादा ऐका. अमेरिकी नियमानुसार प्रेशर शिफारशीपेक्षा २५ टक्के खाली गेलं की तो लागला पाहिजे. ३३ चे २५ झाले तेव्हा! तोपर्यंत तुम्ही २७ वर आरामात आर्वी-पुलगाव करत असता. शिवाय दिव्याचे प्रकार दोन. एकात प्रत्येक व्हॉल्व्हला सेन्सर असतो, तो खरा आकडा देतो. दुसरा प्रकार एबीएसचे सेन्सर वापरून कोणतं चाक जास्त वेगाने फिरतंय ते पाहतो, कारण हवा कमी झालेल्या चाकाचा घेर किंचित लहान होतो. चारही टायरमधली हवा सारखीच कमी झाली, तर या दुसऱ्या प्रकाराला पत्ता लागेलच असं नाही. भावाच्या गाडीत हाच होता. हवा भरल्यावर तो रीसेट करावा लागतो. आधीच्या मालकाने तो केव्हा केला होता देव जाणे. आम्ही पहाटे मोजलं: समोर ४१ आणि ३३, मागे ३० आणि ३४. चारही ३३ केले, रीसेट दाबला.

आवाज निम्मा झाला. पण गेला नाही.

मग डिक्की रिकामी केली. हसू नका, सैल स्टेपनी, जॅक आणि पान्याने भल्याभल्यांना शॉकअप बदलायला लावलेत. त्यानंतर फोन. रेकॉर्डर चालू करून फोन आधी समोर पायाशी, मग मागे ठेवला. (गाडी चालवणाऱ्याने फोनला हात लावायचा नाही, सोबत माणूस हवाच.) रेकॉर्डिंग घरी हेडफोनवर हळू करून ऐकलं की आवाजाचा ताल कळतो. ताल वेगाबरोबर बदलतो का, हा पहिला प्रश्न. ताशी ६० ला हे चाक सेकंदाला साधारण आठ फेरे घेतं. त्याच तालात ठोके असतील तर गोष्ट चाकाची, टायरची किंवा बेअरिंगची. समृद्धीवर मात्र फसू नका. काँक्रीटच्या अशा रस्त्यांना साधारण साडेचार मीटरवर सांधा असतो, म्हणजे १२० ला सेकंदाला सात-साडेसात ‘टक’. तो गाडीचा आवाज नाहीच.

आमचा आवाज फक्त खड्ड्यात यायचा. इथे मला आवडलेली युक्ती सांगतो. आर्वी नाक्याकडे जाताना सरळ, पूर्ण रुंदीचा ब्रेकर आहे, त्यावरून हळू गेलो: दोन्ही चाकं एकदम चढली, आवाज नाही. मग एकच चाक खड्ड्यात घातलं: टक! समोरच्या दोन चाकांना जोडणारा एक आडवा बार असतो, वळणावर गाडी कलू नये म्हणून. दोन्ही चाकं एकत्र वर गेली तर तो पिळला जात नाही, एकच गेलं तर पिळतो. म्हणजे संशय बारवर आणि त्याला चाकाशी जोडणाऱ्या लिंक रॉडवर. शॉकअप गेला असता तर गाडी ब्रेकरनंतर डोलत राहिली असती, टायर लाटालाटांसारखा घासला असता. तसं काहीच नव्हतं.

बाकी आवाजांच्या ओळखी पटकन. खडखड ब्रेकवर हलका पाय ठेवताच थांबली तर ब्रेक पॅड. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना ‘टंग’ झालं तर शॉकअपच्या वरचं माउंट. पूर्ण वळवून रेस देताना ‘कट-कट’ आली तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. चूं-चूं बहुधा रबरी बुशची.

ओळखीच्या मेकॅनिककाकांकडे गेलो. त्यांनी गाडी जॅकवर घ्यायला नकार दिला. “चाक लटकलं की लिंक ताणली जाते, ढिली असली तरी हलत नाही. चाकं जमिनीवरच ठेवून पाहू.” गाडी खड्ड्यावर उभी केली, काका खाली उतरले, लिंक धरून झटका दिला, आणि उजवीकडे तोच आवाज. दोन्ही बाजूंच्या नव्या लिंक मजुरीसकट चार हजारांच्या आत बसल्या.

तुम्ही कधी लोअर आर्मचे बुश बदलाल, तर एक लक्षात ठेवा. बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी असताना. चाक लटकलेलं असताना आवळला, तर गाडी खाली येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. “नवा बुश टाकला, सहा महिन्यांत गेला” या रडगाण्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

आता थोडं गंभीर. १ जुलै २०२३ ला सिंदखेड राजाजवळ समृद्धीवर बस जळून २५ प्रवासी गेले, त्यात आपल्या वर्ध्याचीही माणसं होती. ड्रायव्हरने टायर फुटल्याचं सांगितलं. आरटीओच्या तपासात टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. ‘टायर फुटला’ हे आपल्याकडे पटकन दिलं जाणारं आणि पटकन पटणारं उत्तर आहे, कारण त्यात दोष कुणाचाच नसतो. काँक्रीटने टायर फुटतात, हेही त्याच जातीचं. रस्ता तापतो हे खरं, पण शेजारून त्याच रस्त्यावर हजारो गाड्या धड जातातच की. जो टायर जातो त्याचं प्रेशर, वय आणि गाडीतलं ओझं विचारा. वय टायरवरच लिहिलेलं असतं: चार आकडे, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. भावाच्या गाडीची स्टेपनी २०१४ ची निघाली, एकदाही न वापरलेली, नक्षी कोरी करकरीत आणि बाजूला बारीक भेगा. ती बदलली.

मागचा डावा टायर, जो ३० वर होता, तो आठवड्यात पुन्हा ३१ वर आला. साबणाचं पाणी लावलं तर व्हॉल्व्हच्या बुडाशी बुडबुडे. नवा व्हॉल्व्ह टाकून आज १२ दिवस झाले, सकाळी मोजलं तर ३३.

तुमच्या गाडीचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. सोबत वेग, रस्ता आणि सकाळचं प्रेशर लिहा, त्याशिवाय अंदाज बांधणार नाही. पुढच्या एपिसोडमध्ये व्हील बेअरिंग.