मोजमाप खरे की कान खरा?

चकलांबा (ता. गेवराई, जि. बीड) : सप्ताहातील कीर्तन रंगात येते, टाळ-मृदंगाचा नाद पत्र्याच्या छताला भिडतो, मात्र सभामंडपाच्या मागच्या रांगेत बसलेल्या वयोवृद्ध श्रोत्याला बुवांचा शब्द उमगत नाही. मग आवाज वाढवला जातो आणि शब्द आणखीच हरवतो. चकलांब्यासारख्या मराठवाड्यातील गावांत अनुभवास येणारी ही अडचण आणि पुण्या-मुंबईच्या सदनिकेत महागडे स्पीकर आणूनही 'मजा येत नाही' म्हणणाऱ्या हौशी श्रोत्याची तक्रार, या दोहोंचे मूळ एकच आहे. दोष बहुधा यंत्रात नसतो, तो खोलीत असतो. तो शोधायचा कसा, यंत्राने मोजून की कानाने ऐकून, हा मात्र जुना वाद आहे.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या साहाय्याने श्रुतींचे मोजमाप केले आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील पुस्तक प्रसिद्ध केले. पं. विष्णु नारायण भातखंडे यांना मात्र अशी गणिती श्रुतिव्यवस्था मान्य नव्हती. गवयाचा गळा आकड्यांत बसतो का, हा प्रश्न तेव्हाही होता.

भिंतीही बोलतात

खोलीच्या नादाचे शास्त्र उभे राहिले तेदेखील कानाच्याच आधारे. हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहात शब्द कळत नव्हते. वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून तेथे प्रयोग केले. साधने होती ऑर्गनची नळी, वेळ मोजण्याचे यंत्र आणि स्वतःचा कान. नळी बंद केल्यावर नाद किती सेकंद रेंगाळतो हे ते मोजत. खोली जितकी मोठी तितका नाद अधिक रेंगाळतो आणि आवाज शोषणाऱ्या वस्तू वाढल्या की तो घटतो, हा त्यांचा निष्कर्ष. उघडी खिडकी म्हणजे पूर्ण शोषण, हे त्यांचे माप.

दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची रिकामी खोली घ्या. गिलावा आणि फरशी आवाजाचा जेमतेम तीन टक्के भाग शोषतात, असे धरले तर नाद जवळजवळ तीन सेकंद रेंगाळतो. चार फुटी चौरस खिडकी उघडताच तो दीड सेकंदाच्या आसपास येतो. गादी, जाड पडदे, पुस्तकांचे कपाट आले की तो आणखी उतरतो. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा अचूक दाखवतो.

खर्जाची गोष्ट वेगळी. समोरासमोरच्या भिंतींत दहा फुटांचे अंतर असेल, तर सेकंदाला सुमारे ५६ कंपनांचा स्वर खोलीत घुमतो. रुंदी आणि उंची सारखीच असेल तर हा दोष दुणावतो. म्हणूनच एका खुर्चीवर खर्ज अंगावर येतो आणि दोन पावलांवर तो नाहीसा होतो. अशा वेळी नवा स्पीकर घेण्यापेक्षा आहे तो स्पीकर किंवा खुर्ची सरकवणे स्वस्त पडते.

डोळे झाकून ऐका

कान फसतो, तो बहुधा डोळ्यांमुळे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये तेच स्पीकर श्रोत्यांना दाखवून आणि पडद्याआड ठेवून, अशा दोन्ही प्रकारे ऐकवले. या दोन्हींत पसंतीचे गुण वेगवेगळे निघाले. पुढे २००४ मध्ये ऑलिव्ह यांनी ७० स्पीकरांची मोजमापे आणि श्रोत्यांनी न पाहता दिलेले गुण ताडून पाहिले. मोजमापावरून पसंतीचा अंदाज बऱ्याच अंशी बांधता येतो, असे त्यांना आढळले. म्हणजे प्रामाणिक कान आणि प्रामाणिक यंत्र यांचे भांडण फारसे नाही.

घरी ही कसोटी सहज घेता येते. दोन्ही स्पीकरांचा आवाज आधी समान करावा, कारण किंचित मोठा आवाजही सरस वाटतो. अदलाबदल दुसऱ्याने करावी, ऐकणाऱ्याने न पाहता मत लिहून ठेवावे. मोबाइलवरील मापक अ‍ॅप अचूक आकड्यासाठी भरवशाचे नाही. मात्र पडदा लावण्याआधी आणि नंतर काय फरक पडला, हे त्यावरून कळू शकते.

सभामंडपातही हाच न्याय. आवाज वाढवला की प्रतिध्वनीही तितकाच वाढतो, म्हणून शब्द स्पष्ट होत नाही. एका मोठ्या कर्ण्याऐवजी श्रोत्यांजवळ, त्यांच्याच दिशेने ठेवलेले लहान स्पीकर कमी आवाजात अधिक उपयोगी पडतात. शिवाय माणूसही आवाज शोषतो. एक श्रोता म्हणजे साधारण चार-पाच चौरस फूट उघडी खिडकी. रिकाम्या मंडपात केलेली चाचणी त्यामुळे दिशाभूल करते. भरल्या मंडपात, मागच्या रांगेत बसून शब्द कळतो का, हे विचारणे ही खरी परीक्षा. दोष कोठे आहे हे मोजमाप सांगते. तो दूर झाला की नाही, हे मात्र मागच्या रांगेतल्या आजोबांनीच सांगायचे असते.